जपानांतील बाहुल्यांचीं नाटकें

जपान देशांत ओसाका नांवाचें मोठें व्यापारी शहर आहे. त्या शहरीं एक सरकारी नाट्यगृह असें आहे कीं, तेथें नट लांकडाचे असतात आणि प्रेक्षक बहुतेक प्रौढ. पडदा बाजूस सरतो, बाहुल्या रंगभूमीवर येतात, आणि घटकाभरांत पिकल्या केंसांचीं माणसें रुमालानें डोळे पुसूं लागतात. बाहुल्यांचा खेळ म्हटला कीं जत्रा, ढोलकीचा आवाज आणि पोरांचा गलका एवढेंच चित्र आपल्या मनांत उभें राहतें. म्हणून ही हकीकत प्रथम ऐकणारास नवल वाटतें. या कलेस आज बुनराकु म्हणतात. तिचें जुनें नांव निंग्यो जोरुरी. निंग्यो म्हणजे बाहुली आणि जोरुरी म्हणजे वाद्याच्या साथीवर गाऊन सांगितलेली कथा. बाहुल्यांच्या कारागिरीविषयीं कोणीहि कौतुकानें लिहील. या लेखांत त्या बाहुल्या कोणतीं नाटकें करितात, तीं कोठून आलीं, आणि त्यांतील जो एक प्रवेश चक्क शाळेंत घडतो तो लोक पावणेतीनशें वर्षें कां पाहत आले आहेत, याचा विचार मुख्यत्वें करावयाचा आहे.

आधीं खेळाची मांडणी थोडी समजून घेतली पाहिजे. तिच्यावांचून नाटकांचें मर्म कळणार नाहीं. बाहुली खऱ्या माणसाच्या निम्म्याहून कांहींशी मोठी असते. आपल्याकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पिंगुळी येथें ज्या कळसूत्री बाहुल्या नाचवितात त्या दोऱ्यांना टांगलेल्या असतात. येथें दोरा नाहीं. एका मुख्य बाहुलीमागें तीन माणसें उभीं असतात. पहिला डाव्या हातानें तिचें डोकें व उजव्या हातानें तिचा उजवा हात हालवितो. दुसरा केवळ तिचा डावा हात सांभाळतो. तिसरा वांकून पाय चालवितो. तिघांचा श्वास एक झाला तरच बाहुली श्वास घेते. दहा वर्षें पायांवर आणि दहा वर्षें डाव्या हातावर, अशी त्या धंद्यांतील उमेदवारीची म्हण आहे. स्त्रियांच्या बाहुल्यांस बहुधा पाय नसतात. झग्याची कड आंतून मुठींनीं अशी हालवितात कीं, पाहणारास पाऊल पडल्याचा भास व्हावा. ही तिघांची पद्धति १७३४ सालीं एका नाटकाच्या निमित्तानें सुरू झाली. तत्पूर्वीं एका बाहुलीस एकच माणूस असे.

बाहुली स्वतः बोलत नाहीं, आणि तिला खेळविणाराहि बोलत नाहीं. प्रेक्षकांच्या उजव्या बाजूस एका लहान ओट्यावर दोघे जण बसलेले असतात. एक गाणारा, त्यास तायू म्हणतात. दुसरा शामिसेन हें तीन तारांचें वाद्य वाजविणारा. राजा, भिकारी, म्हातारी, तान्हें मूल, सर्वांचें बोलणें एकटा तायू बोलतो आणि मधलें वर्णनहि तोच गातो. आपला कीर्तनकार आख्यान लावतांना जसा क्षणांत कृष्ण व क्षणांत यशोदा होतो, तसाच हा प्रकार. मात्र तायू जागेवरून उठत नाहीं. आवाजास बळ यावें म्हणून तो पोटाशीं पट्टा बांधून त्यांत वाळूची लहान पिशवी ठेवतो. त्याच्या निवेदनाचे स्थूलमानानें तीन प्रकार आहेत: साधें बोलणें, लयींत सांगणें आणि सुरांत गाणें. कोणतें वाक्य बोलावयाचें आणि कोणतें गावयाचें, यांत या कलेचा अर्धा अर्थ सांठविलेला आहे. वाचकांनीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

योशित्सुने नांवाचा वीर तरुण आणि जोरुरी नांवाची कन्या यांची कथा पंधराव्या शतकापासून गाणारे लोक गात असत. ती इतकी लोकप्रिय झाली कीं, कथा गाण्याच्या त्या रीतीसच जोरुरी हें नांव पडलें. सोळाव्या शतकांत रिउक्यू बेटांकडून शामिसेनचें मूळ वाद्य आलें, त्यास बाहुल्यांची जोड मिळाली, आणि १६८४ सालीं ताकेमोतो गिदायू या गायकानें ओसाकाच्या दोतोम्बोरी पेठेंत आपलें नाट्यगृह उघडलें. त्यास नाटकें लिहून देणारा चिकामात्सु मोन्झाएमोन हा जन्मानें सामुराई, म्हणजे क्षत्रियकुळांतील. त्यानें बाहुल्यांसाठीं शंभराच्या आसपास नाटकें लिहिलीं. बाहुली लांकडाची असल्यामुळें शब्दांतच जीव ओतला पाहिजे, अशी त्याची समजूत होती. "हें किती दुःखाचें!" असें पात्रानें म्हणून भागत नाहीं; प्रसंगच असा रचावा कीं, दुःख हा शब्द न उच्चारतां तें ऐकणाराच्या मनांत उत्पन्न व्हावें, असें त्याचें मत त्याच्या मागें त्याच्या एका विद्वान मित्रानें लिहून ठेविलें आहे. निबंध लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें मत आपल्या वहीच्या पहिल्या पानावर उतरून घेण्यास हरकत नाहीं.

या रंगभूमीवरील नाटकें मुख्यतः दोन वर्गांत पडतात. पहिला वर्ग ऐतिहासिक नाटकांचा: सरदार, युद्धें, राज्यक्रांति, वेषांतर, हीं बहुधा पांच अंकी. दुसरा वर्ग संसारी नाटकांचा: दुकानदार, कारकून, तेली, कर्ज आणि घरांतील भांडणें, हीं आकारानें लहान. यांखेरीज नृत्यप्रधान छोटे प्रवेश असतात. ते डोळ्यांस विश्रांति म्हणून मध्यें घालतात, त्यांविषयीं अधिक लिहीत नाहीं.

ऐतिहासिक वर्गांत चिकामात्सूचें सर्वांत गाजलेलें नाटक १७१५ सालचें "कोकुसेन्याचीं युद्धें". गिदायू आदल्याच वर्षीं वारला होता आणि नाट्यगृह बुडतें कीं काय अशी अवस्था झाली होती. अशा वेळीं चिनी बाप व जपानी आई यांच्या पोटीं जन्मलेल्या एका वीराची ही कथा रंगभूमीवर आली. तींत नायक वाघाशीं झुंजतो, किल्ले घेतो, आणि समुद्रापलीकडे जाऊन पडलेलें राज्य उभें करूं पाहतो. नाटक सतरा महिने अखंड चाललें. मुलांस हें नाटक आवडेल यांत शंका नाहीं.

परंतु ज्या नाटकानें जपानी रंगभूमीचें वळण बदललें तें याहून बारा वर्षें जुनें आणि फार लहान आहे. १७०३ सालीं ओसाकांत तोकुबेई नांवाचा सोयाबीनच्या रसाच्या दुकानांतील एक गुमास्ता आणि ओहात्सु नांवाची, नायकिणीच्या घरीं विकली गेलेली एक मुलगी, यांनीं सोनेझाकीच्या देवळाच्या रानांत एकत्र प्राण दिले. ही खरी घडलेली गोष्ट. अवघ्या एका महिन्यांत चिकामात्सूनें तिचें नाटक करून बाहुल्यांच्या रंगभूमीवर आणलें. तोंपर्यंत दुःखांत नाटकाचा नायक म्हणजे सरदार वा राजपुत्र. आतां एक कर्जांत फसलेला, मित्रानें दगा दिलेला गुमास्ता नायक झाला. ओसाकाच्या व्यापाऱ्यांनीं रंगभूमीवर प्रथमच आपलें तोंड पाहिलें. नाटकांत एके ठिकाणीं तोकुबेई ओसरीखालीं लपलेला असतो. वर बसलेली ओहात्सु इतरांशीं बोलण्याच्या मिषानें त्याचा निश्चय विचारते, आणि तो न बोलतां तिचें पाऊल आपल्या गळ्यावरून फिरवून उत्तर देतो. स्त्रीच्या बाहुलीस पाय नसतात असें वर म्हटलें. या एका प्रसंगासाठीं ओहात्सूस पाऊल देतात.

अशा नाटकांचा परिणाम मात्र वाईट झाला. एकामागून एक तसलींच नाटकें निघालीं आणि प्रत्यक्षांतहि तशा आत्महत्या वाढल्या. तेव्हां १७२३ सालीं सरकारनें जोडप्यांच्या आत्महत्येवरील नाटकांस बंदी केली. जीव देणाऱ्या दोघांस पुढील जन्मीं सुख मिळेल, ही त्या नाटकांतील आशा आम्हां ख्रिस्ती माणसांस मान्य होण्यासारखी नाहीं. आणि ज्यानें जीव दिला त्याच्यावांचून तो परत मागण्याचा अधिकार कोणासहि नाहीं असें आम्ही मानतों. तथापि चिकामात्सूनें आत्महत्येचें कौतुक केलें असें म्हणणें त्याच्यावर अन्याय होईल. दोन गरीब जिवांस जगण्याच्या सर्व वाटा कशा बंद होत गेल्या, कोणी किती रुपयांस फसविलें, कोणीं दार लाविलें, हें तो हिशेबनिसाच्या काटेकोरपणानें दाखवितो. त्या हिशेबांत नगरच अपराधी ठरतें.

चिकामात्सूच्या मृत्यूनंतर नाटकें एकट्यानें न लिहितां दोघातिघांनीं अंक वांटून घेऊन लिहिण्याची चाल पडली. त्या चालीनें ताकेदा इझुमो, नामिकी सेन्र्यू आणि मियोशी शोराकु या तिघांनीं लागोपाठ तीन वर्षांत तीन नाटकें लिहिलीं. तीं आजहि या रंगभूमीचे तीन खांब समजलीं जातात. पहिलें १७४६ सालचें, सुगावारा मिचिझाने या विद्वान मंत्र्याच्या हद्दपारीचें. दुसरें १७४७ सालचें "योशित्सुने आणि हजार चेरीवृक्ष". त्यांत आपल्या आईबापांच्या कातड्याचा मृदंग ज्याच्यापाशीं असेल त्याच्या मागें मनुष्यरूपानें हिंडणारा एक कोल्हा आहे. तिसरें १७४८ सालचें "चूशिंगुरा", म्हणजे आपल्या धन्याच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस सेवकांची कथा.

यांपैकीं पहिल्या व तिसऱ्या नाटकाचीं पुरीं नांवें शाळेच्या मुलांनीं मुद्दाम पाहण्यासारखीं आहेत. पहिल्याच्या नांवांत "अक्षरें गिरविण्याच्या शिक्षणाचा आरसा" असा अर्थ येतो. तिसऱ्याच्या नांवांत "मुळाक्षरांचा कित्ता" हा शब्द आहे. जपानी मुळाक्षरांच्या इरोहा नांवाच्या जुन्या मालिकेंत अक्षरें सत्तेचाळीस, आणि सेवकहि सत्तेचाळीस. म्हणून निष्ठेचा हा कित्ता. मूळ घटना १७०१ ते १७०३ या सालांतील होती. परंतु सामुराई घराण्यांच्या ताज्या भानगडी रंगभूमीवर आणण्यास मनाई असल्यामुळें लेखकांनीं काळ चौदाव्या शतकांत ढकलला आणि नांवें बदललीं. प्रेक्षक अर्थातच फसले नाहींत, आणि त्यांनीं फसावें अशी लेखकांची इच्छाहि नव्हती. या नाटकाच्या पहिल्याच प्रयोगांच्या वेळीं मोठें भांडण झालें. नवव्या अंकांत बाहुलीच्या हालचालीस अवकाश मिळावा म्हणून मुख्य बाहुलीवाला योशिदा बुन्झाबुरो यानें गायकास चाल बदलावयास सांगितलें; गायक कोनोतायू म्हणाला, तें होणार नाहीं. मालकानें बाहुलीवाल्याची बाजू घेतली, आणि कोनोतायू उठून प्रतिस्पर्धी नाट्यगृहांत गेला. डोळ्यांचें खरें कीं कानांचें, हा वाद त्या धंद्यांत तेव्हांपासून आहे.

आतां शाळेच्या प्रवेशाकडे वळूं. सुगावारा मिचिझाने हा खरा ऐतिहासिक पुरुष (८४५ ते ९०३). तो मोठा पंडित व कवि होता. प्रतिपक्षाच्या कारस्थानामुळें ९०१ सालीं तो दूर क्यूशू बेटावर हद्दपार झाला आणि तेथेंच वारला. पुढें लोक त्यास विद्येचा देव मानूं लागले, आणि परीक्षेच्या दिवसांत जपानी विद्यार्थी अद्यापि त्याच्या देवळांत गर्दी करितात. नाटकांत त्याच्या पदरच्या एका वृद्ध सेवकास तीन तिळे मुलगे आहेत: मात्सुओ, उमेओ व साकुरामारु, म्हणजे पाइन, जर्दाळू व चेरी या झाडांचीं नांवें. त्या सुमारास ओसाकांत खरोखरच तिळीं मुलें जन्मल्याची वार्ता पसरली होती, तिचा लेखकांनीं उपयोग करून घेतला. मात्सुओ दैवयोगानें मिचिझानेच्या वैऱ्याच्या, शिहेईच्या, चाकरींत आहे. म्हणून बाप व भाऊ त्यास कृतघ्न समजतात.

मिचिझानेचा शिष्य गेन्झो हा एका खेडेगांवांत शाळा चालवितो. गुरूचा लहान मुलगा कान शूसाई यास त्यानें आपलाच मुलगा म्हणून शाळेंत लपविलें आहे. पडदा सरतो तेव्हां मुलें अक्षरें गिरवीत बसलेलीं असतात. त्यांत पंधरा वर्षांचा एक थोराड ठोंब्या आहे. गुरुजी बाहेर गेले आहेत हें पाहून तो कित्ता टाकून वेडींवांकडीं तोंडें काढीत असतो. (असा विद्यार्थी सर्व देशांत आढळतो.) इतक्यांत एक सभ्य स्त्री कोतारो नांवाच्या आपल्या मुलास शाळेंत घालावयास घेऊन येते. पाटी-दप्तराची पेटी देते, खाऊ देते, जवळच्या गांवास जाऊन येतें म्हणून सांगते. मुलगा मागें धांवतो; ती त्यास रागें भरते आणि पुन्हां पुन्हां वळून पाहत निघून जाते.

गेन्झो घरीं येतो तो पांढराफटक पडलेला. शिहेईस सुगावाराच्या मुलाचा पत्ता लागला आहे, आणि त्याचें मस्तक ताबडतोब कापून द्यावें असा हुकूम झाला आहे. त्याच्या जागीं दुसरें मस्तक द्यावें तर कोणाचें? दाराशीं उभा राहून तो आपल्या वर्गावरून दृष्टि फिरवितो. एकेक तोंड पाहतो. सर्व शेतकऱ्यांचीं मुलें, उन्हांत रापलेलीं. मंत्र्याच्या मुलाच्या जागीं एकहि खपणार नाहीं. मग त्याची दृष्टि नव्या मुलावर पडते.

शिक्षकाचा धंदा करणाऱ्या कोणासहि हा क्षण सहज वाचवत नाहीं. वर्गांत पाऊल टाकतांच मुलांच्या तोंडांवरून दृष्टि फिरविणें ही आमची रोजची संवय आहे; कोण आला, कोण आजारी दिसतो, कोणाचा अभ्यास झाला नाहीं, हें आम्ही त्या एका दृष्टींत पाहतों. तीच दृष्टि येथें गेन्झो टाकतो, आणि कशासाठीं! नाटककारानें सैतान दाखविला असता तर इतका कांपरा भरला नसता. त्यानें एक चांगला शिक्षक दाखविला आहे.

मस्तकाची ओळख पटविण्यास मात्सुओ येतो, कारण त्या मुलाचा चेहरा शिहेईच्या माणसांत एकट्या त्यासच ठाऊक आहे. गांवकरी आपापलीं मुलें बाहेर नेतात, आणि प्रत्येक मुलाचें तोंड तपासलें जातें. त्या ठोंब्याची पाळी आली कीं प्रेक्षक हंसतात. हंसूं ओसरतें न ओसरतें तोंच मात्सुओ विचारतो: मुलें इतकीं गेलीं, मग बसावयाचें मेज एक जास्त कसें? आंतून घाव घातल्याचा आवाज येतो. पेटी पुढें येते. मात्सुओ झांकण उघडतो, बराच वेळ पाहतो, आणि म्हणतो कीं हें कान शूसाईचेंच मस्तक, यांत संशय नाहीं. पेटी घेऊन अधिकारी निघून जातात.

तेवढ्यांत मुलाची आई त्यास न्यावयास परत येते. भेद फुटेल म्हणून गेन्झो तिच्यावर तलवार उगारतो. ती मुलाच्या पेटीनें वार अडविते. पेटी दुभंगते आणि तींतून पाटी-पुस्तकांऐवजीं पांढरें प्रेतवस्त्र खालीं पडतें. ती विचारते: माझा मुलगा उपयोगीं पडला का? कोतारो हा मात्सुओचा मुलगा. वैऱ्याच्या चाकरींत राहूनहि जुन्या धन्याचें ऋण फेडावें म्हणून आईबापांनींच त्यास त्या दिवशीं शाळेंत घातलें होतें. मस्तक ओळखणारा जो, तोच त्या मुलाचा बाप होता. मात्सुओ गेन्झोस विचारतो कीं, मुलगा मरतांना कसा वागला. तो हंसला, आणि त्यानें मान पुढें केली, असें गेन्झो सांगतो. मात्सुओ हंसूं लागतो. तें हंसणें कोठें संपतें आणि रडणें कोठें सुरू होतें हें कळूं न देणें, ही तायूची मोठी परीक्षा समजतात. कान शूसाई पुढें येऊन म्हणतो कीं, माझ्यासाठीं तो मरणार हें मला ठाऊक असतें तर मीं तें होऊं दिलें नसतें. अख्ख्या प्रवेशांत एवढेंच एक वाक्य सर्वस्वीं निर्मळ आहे, आणि तें एका मुलाच्या तोंडीं आहे.

पुढें अंत्ययात्रा. आईबाप पांढऱ्या सुतकी वस्त्रांत दिसतात, आणि तायू जें शोकगीत गातो त्यांत इरोहाचीं मुळाक्षरें गुंफलेलीं आहेत: जीं अक्षरें तो मुलगा त्या सकाळीं गिरवावयास आला होता, तींच.

अशी कथा आपल्या मुलांपुढें ठेवावी काय, हा प्रश्न कांहीं पालकांच्या मनांत आला असेल. जपानांतहि तो आलेला आहे. दुसऱ्या महायुद्धांतील पराभवानंतर अमेरिकन लष्करी अंमल असतांना, १९४५ च्या नोव्हेंबरांत, तोक्योच्या काबुकी रंगभूमीवर हाच प्रवेश चालू होता. तो सरंजामी स्वामिनिष्ठा शिकवितो म्हणून बंद करण्यांत आला. "चूशिंगुरा"स १९४७ पर्यंत परवानगी मिळाली नाहीं. अधिकाऱ्यांची धास्ती अगदींच निराधार नव्हती. धन्यासाठीं मरावें आणि मारावें या शिकवणीनें त्या देशानें व त्याच्या शेजाऱ्यांनीं काय भोगलें तें ताजें होतें.

तरीहि आमचें मत वेगळें आहे. या नाटकांत दोन शक्तींचें भांडण असतें. एकीस जपानी भाषेंत गिरी म्हणतात, म्हणजे ऋणाचें व कर्तव्याचें बंधन; दुसरीस निन्जो, म्हणजे माणसाची उपजत माया. (आपल्या भाषेंत गिरि म्हणजे पर्वत, छातीवर ठेविलेल्या ओझ्याच्या दृष्टीनें अर्थ फार दूर नाहीं.) कथानक पाहिलें तर प्रत्येक वेळीं गिरी जिंकते, मुलगा मरतो, हुकूम पाळला जातो. परंतु कथानक हें नाटकाचें अर्धेंच अंग होय. वर सांगितलें कीं कांहीं वाक्यें बोलावयाचीं असतात आणि कांहीं गावयाचीं. हुकूम, कारस्थान, हिशेब हें सर्व बहुधा बोललें जातें. आईचा शोक गाइला जातो. स्त्रीच्या शोकाच्या अशा गाण्यास कुदोकी हें खास नांव आहे. त्या वेळीं शामिसेन बोलूं लागतें, बाहुली पाठमोरी होऊन अंग टाकते, आणि त्याचसाठीं लोक पैसे देऊन येतात. निकाल धन्याच्या बाजूनें लागतो, सूर मात्र आईच्या बाजूचा असतो. ज्या समाजांत हुकुमाविरुद्ध ब्र काढण्याची सोय नव्हती, त्या समाजानें आपली तक्रार अशी लांकडाच्या तोंडीं व तारेच्या सुरांत ठेवून दिली.

आपल्या पवित्र शास्त्रांत अब्राहामाचा हात वरच्यावर धरला गेला आणि इसहाक वांचला. येथें हात धरणारा कोणी नाहीं. म्हणूनच हा प्रवेश पाहतांना तो कोणीं तरी धरावा, असें प्रत्येकास वाटतें.

एकदां ही दृष्टि आली म्हणजे इतर नाटकें त्याच कुटुंबांतलीं दिसूं लागतात. १७५१ सालच्या एका नाटकांत कुमागाई या योद्ध्यानें शत्रुपक्षाचा तरुण राजपुत्र आत्सुमोरी यास मारिलें अशी सर्वांची समजूत असते. ११८४ सालच्या युद्धांतील ही जुनी प्रसिद्ध कथा. परंतु नाटकांत मस्तक उघडलें जातें तें त्याच्या स्वतःच्या मुलाचें, आणि कुमागाई केंस उतरवून भिक्षु होतो. १७६८ सालच्या दुसऱ्या एका नाटकांत आईबापांस शोधीत यात्रेकरूच्या वेषानें हिंडणारी ओत्सुरु नांवाची लहान मुलगी एका दाराशीं येते. दार तिच्या आईचेंच असतें. मुलगी आईबापांचीं नांवें सांगते, आईला ओळख पटते. परंतु नवरा धन्याची हरवलेली तलवार शोधण्यासाठीं चोरांत मिळालेला, मुलीवर संकट येईल म्हणून ती ओळख देत नाहीं. थोडें द्रव्य देऊन, केंस विंचरून, ती तिला वाटेला लावते. या प्रवेशांत तलवार उपसली जात नाहीं कीं कोणी ओरडत नाहीं, तरी शाळेच्या प्रवेशाखालोखाल आमच्या मनावर याचाच ठसा आहे. ओसाकाजवळच्या आवाजी बेटांत व समोरच्या तोकुशिमा प्रांतांत खेड्यापाड्यांच्या बाहुल्याहि हाच खेळ करीत आल्या आहेत.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जिवंत नटांच्या काबुकीनें बाहुल्यांचीं नाटकें उचललीं आणि प्रेक्षकहि पळविले. गिदायूचें नाट्यगृह १७६७ सालीं बंद पडलें. पुढें आवाजीहून आलेल्या उएमुरा बुनराकुकेन यानें ओसाकांत पुन्हां खेळ सुरू केला. त्याच्या वारसांच्या नाट्यगृहास १८७२ सालीं बुनराकु-झा हें नांव मिळालें आणि हळूहळू कलेचेंच नांव तें झालें. तें नाट्यगृह १९२६ सालीं आगींत व पुढचें १९४५ सालीं बाँबवर्षावांत भस्म झालें; अनेक जुनीं डोकीं त्यांत गेलीं. आजचें सरकारी नाट्यगृह १९८४ सालचें. तेथें संबंध नाटक क्वचित् होतें; बहुधा निरनिराळ्या नाटकांतील निवडक प्रवेश एकत्र करून, आपण ताट वाढतों तसे वाढतात. म्हणून कित्येक नाटकांचा एकच प्रवेश जिवंत राहिला आहे आणि बाकीचे अंक फक्त छापील पुस्तकांत आहेत. उलट कांहीं मेलेलीं नाटकें उठलींहि आहेत. सोनेझाकीचें नाटक दीर्घकाळ कोणी केलें नव्हतें, त्याच्या चालीहि लुप्त झाल्या होत्या. १९५५ सालीं नव्या चाली बांधून तें रंगभूमीवर आलें, आणि आतां सर्वांत अधिक मागणी त्यासच असते. युनेस्कोनें २००३ सालीं या कलेस मानवजातीचा ठेवा म्हणून गौरविलें.

आमच्या वाचकांस आनंद वाटेल अशी एक गोष्ट राहिली. तोयोताके वाकातायू हे आजच्या थोर तायूंपैकीं एक असून ते ख्रिस्ती आहेत. त्यांनीं प्रभु येशूची कथा जोरुरीच्या रीतीनें रचून बाहुल्यांसह गाइली आहे. २०२४ सालीं त्यांस वाकातायू हें पूर्वापार चालत आलेलें नांव मिळालें. १७०३ सालीं ओसाकांत दुसरें नाट्यगृह उघडणाऱ्या गायकाचें तें नांव. ओट्यावर बसल्यावर तायू प्रथम समोरची पोथी दोन्ही हातांनीं कपाळापर्यंत उचलून लेखकास वंदन करितो, आणि मग पहिलें पान उलटतो. पोथी त्यास पाठ असते. तरीहि पानें तो उलटीतच जातो.